उरलेल्या गोळ्या

देगलूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली होती, मी खिडकीत बसलो होतो आणि माय खाली उभी राहून मला पाण्याबद्दल बजावत होती. "पाणी बदलायलंय, दिन्या. महिनाभर उकळून पी." मी नुकताच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो. पाण्याबद्दल आता मला कोणी काही शिकवावं हे मंजूर नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली. दादांनी, म्हणजे वडिलांनी, खिडकीतून एक पिशवी आत ढकलली. तीत सुतळीचं बंडल, झाकण नसलेली एक बरणी आणि अर्धी जळलेली मेणबत्ती होती. "टाकू नको काई. लागतंय कवातरी," ते म्हणाले. थोरला आण्णा गप्प उभा होता. मला वाटलं, त्याला भरून आलंय. माझी सायकल आता आपली झाली हे त्याला तेव्हाच सुचलं होतं, असं वहिनीने पुढे कधीतरी सांगितलं.

त्याला आता तीस वर्षं होत आली. हे मी तुम्हा सगळ्यांना लिहितोय. गावात राहिलेल्या आपल्या नऊ घरांना, आणि माझ्यासारख्या उठून गेलेल्यांना, म्हणजे पुण्यामुंबईवाल्यांना आणि कॅनडातल्या आपल्या मंगललाही. माझ्या मुलीला मराठी धड वाचता येत नाही. तिला मी वाचून दाखवीन, ती मधेच "बोर कोट्टिंचकु बाबा" म्हणेल, म्हणजे पकवू नका. तरी पुरं ऐका. माय कशी गेली आणि त्यात माझा हात किती, हे मी तेरवीच्या दिवशी अर्धवट बोललो. ते पुरं करायचंय, कारण गोळ्यांचे डबे अजून भरले जातायत.

हैदराबादेत पहिली खोली नल्लकुंट्याला मिळाली आणि नोकरी शहराबाहेरच्या एका औषधाच्या कारखान्यात. दादांनी गावभर सांगून टाकलं, पोरगा औषधं बनवतो. औषधं दुसरे लोक बनवायचे. मी मागच्या अंगाला होतो, जिथे कारखान्याचं सांडपाणी येतं. समोरच्या दाराने अँटिबायोटिकची पांढरी पूड ड्रमांत भरून परदेशी जायची, आणि ती करताना जे जे धुतलं जायचं ते पाणी माझ्याकडे यायचं. आंबलेल्या ताकात रॉकेल ओतावं तसा त्याला वास होता. तो शर्टात बसायचा, केसांत बसायचा. लग्न झाल्यावर सुनंदाने माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचा नियम केला. संसारातले बाकीचे नियम गेले, हा टिकला.

त्या पाण्याचा रंग आम्ही बघायचो, आंबटपणा मोजायचो, अजून दोन-चार गोष्टी मोजायचो. त्यात औषध किती उरलंय ते मोजत नव्हतो. मोजायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं काम करण्याबद्दल माझी ख्याती नव्हती. टँकर भरायचा, मी सही करायचो, टँकर निघायचा. त्याने कुठे जायचं ते ठरलेलं होतं. तो तिथेच जातो का, हे मी एकदाही विचारलं नाही. माझी सही मात्र फार सुरेख होती.

बोलणंही बदलत गेलं. मुकादम दखनीत बोलायचा, टाकीवरची माणसं तेलुगूत, आणि मी मराठीत विचार करून भलत्याच भाषेत उत्तर द्यायचो. गावी गेलो की तोंडातून "नक्को" निघायचं, "परेशान नको होऊ" निघायचं, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. आपण थोडे तिकडचे झालो याचं मला तेव्हा दुःख कमी आणि ऐट जास्त होती.

त्या ऐटीतूनच डबा आला. पहिल्या दिवाळीला गावी निघताना काय न्यावं कळेना. मिठाई देगलूरला मिळते, साड्यांतलं मला समजत नाही. मग मी औषधं नेली. बेगम बाजारातून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, ओळखीच्या घाऊक औषधवाल्याकडून चिठ्ठीबिठ्ठी काही न देता गोळ्यांची पाकिटं घेतली आणि प्रत्येकावर कागद चिकटवून माझ्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं: ताप. घसा. पोट. जखम. जळजळ. झाकणाच्या आत तीन ओळींची सूचना: दोन दिवस घ्या. बरं वाटलं की थांबा. उरलेल्या जपून ठेवा.

दादांना तिसरी ओळ फार आवडली. "शिकून वाया गेलं नाही पोरगं," ते म्हणाले. त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक, म्हणून अक्षर न अक्षर लक्षात आहे.

पुढच्या वर्षी काकूने डबा मागितला, मग बाकीच्यांनी. नऊ घरांत नऊ डबे झाले. लोक दिवाळीला फराळाचे डबे भरतात, मी हे भरायचो. घरात टेलिफोन आल्यावर तर मी नल्लकुंट्यात बसून दवाखानाच चालवला. आण्णा विचारायचा, "लाल-पांढरी देऊ का पिवळी?" आणि मी भाजी निवडता निवडता सांगायचो, पिवळी दे. बी.एस्सी. सेकंड क्लास, सांडपाणी विभाग. पण गावात मी डॉक्टर होतो. खोटं कशाला बोलू, ते फार गोड वाटायचं. गाव सोडलेल्या माणसाला आपण अजून तिथे लागतो, याच्याइतकं दुसरं काही हवं नसतं. तुम्हा बाहेरच्यांना हे सांगायला नको.

मायचा आवडता कागद "जळजळ" हा होता. तिला लघवीचा त्रास सारखा व्हायचा. तालुक्याच्या पुरुष डॉक्टरला ते सांगायची तिला लाज. डब्याला काही सांगावं लागत नव्हतं. दोन दिवस दोन-दोन गोळ्या, उतार पडला की उरलेल्या परत डब्यात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. असं किती वर्षं चाललं ते तिलाही आठवत नव्हतं. "दिन्याची गोळी लई गुणाची," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

गेल्या वर्षी तो त्रास उतरेना. ताप चढला, ती कोणाला ओळखेना, आणि आण्णाने तिला जीपमध्ये निजवून थेट हैदराबादला आणलं. मलकपेठेच्या बाजूला एका दवाखान्यात ठेवलं. इतकी वर्षं मी तिला म्हणत होतो, चार दिवस ये माझ्याकडे, शहर दाखवतो. ती आली तेव्हा तिला फक्त छत दिसत होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, बोलणं अस्सल हैदराबादी. तपासणीचा कागद त्यांनी माझ्यासमोर धरला. औषधांची लांब यादी, आणि एक सोडून प्रत्येक नावासमोर R. म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. यादीतली चार नावं मी रोज ड्रमांवर वाचत होतो.

"अम्मा को घर में गोलियां देते थे आप लोगां?"

"जरूरत पड़ी तो देते थे."

"कित्ते दिन?"

"दो दिन."

"और बची हुई?"

"रखे थे," मी म्हणालो.

"संभाल के रखे थे बोलो," त्या म्हणाल्या. "अच्छा संभाले साब. दो दिन में जो कीटाणु नहीं मरते, वो दवा को पहचान लेते." त्या चिडल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. मी पहिला नव्हतो, एवढं त्यावरून कळलं.

मी विचारलं, हे त्या गोळ्यांमुळेच झालं का. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "गोली से आया, पानी से आया, किसी दवाखाने से आया, कीटाणु पे पता लिखा नहीं रहता." गोळी, पाणी. दोन्ही ठिकाणी माझी सही होती. यादीत त्या एकाच नावापुढे S होता, म्हणजे ते अजून लागू पडेल. जुनं इंजेक्शन, जंतूला मारताना मूत्रपिंडांनाही सोडत नाही. ते सुरू केलं.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका बड्या हॉटेलात तीन दिवसांची बैठक होती. बऱ्याच देशांची माणसं आली होती. घातक रसायनं, कचरा, पाण्यात जाणारं औषध आणि त्यातून हट्टी होत जाणारे जंतू यांना सरहद्दी कळत नाहीत, तेव्हा सगळ्यांनी मिळून काही नियम ठरवावेत, असा हेतू. कारखान्यातून मला पाठवलं, कारण मला कोणी काही विचारेल असं साहेबांना वाटलं नाही. मी सकाळी दवाखान्यात जायचो, तिथून हॉटेलात, संध्याकाळी परत दवाखान्यात. एकीकडे फिनेलचा वास, एकीकडे कॉफीचा.

मसुदा मोठ्या पडद्यावर असायचा. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकायचा, अशी पद्धत. पहिला दिवस संपला तेव्हा कंसांबाहेर फारसं काही उरलं नव्हतं. औषध घेणारे देश म्हणत, तुमचं पाणी आधी स्वच्छ करा. बनवणारे म्हणत, इतकं स्वस्त मागतं कोण? दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे गाडी पुढे सरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्हाला टेबलांवर वाटून बसवलं. माझ्या टेबलावर एका थंड देशातल्या, माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे उरलेल्या गोळ्या लोक औषधाच्या दुकानात परत नेऊन देतात आणि दुकान त्या जाळायला पाठवतं. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्याकडे घराघरात उरलेल्या गोळ्यांचं काय होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बैठक माझ्या शहरात होती, घर माझं होतं. त्या हॉटेलात या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मायच्या रिपोर्टाची घडी माझ्या खिशात होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, याबाबत मार्गदर्शक सूचना आहेत आणि लोक हळूहळू जागरूक होत आहेत. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. नऊ डबे मी एका वाक्यात नाहीसे केले. टेबलावरच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मला त्या क्षणी बरंही वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी माय थोडी शुद्धीवर होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "दिन्या, तुझी ती गोळी दे की. तिनं उतार पडतोय."

"ती आता चालत नाही, माय."

"का? बनवायचं बंद केलंव का?"

"नाही."

"मग रं?"

मी म्हणालो, इथले डॉक्टर दुसरी देतायत, त्याहून चांगली. ती म्हणाली, "तुझ्याहून चांगली कशी असंल." आणि डोळे मिटले. तिला खरं सांगायची ती एकच वेळ होती. मी तिच्या पायावरची चादर सारखी करत बसलो.

आधी तिची मूत्रपिंडं गेली. नवव्या दिवशी दुपारी ती गेली. आण्णा खाली चहा प्यायला गेला होता.

तेरवीला जेवणं उरकल्यावर मी बोलायला उभा राहिलो. तुमच्यातले बरेच जण होते. मी जंतूपासून सुरुवात केली, पाण्यावर आलो, देशादेशांच्या मसुद्यावर गेलो. माझं ऐकताना तुम्ही बिचारे सुपारी चघळत होता, कारण मी तेच करत होतो जे हॉटेलात केलं. शेवटी एवढंच म्हणालो की डबे परत द्या, ते मी चुकीचे भरले.

आण्णा बसल्या जागेवरून म्हणाला, "माय वयानं गेली. तुझ्या गोळ्यांवर नऊ घरं तीस वर्षं निघाली. आता डोक्यात खूळ घेऊन डबे न्यायलास. नातीला ताप आला तर काय करू? डॉक्टर देगलूरला, तू हैदराबादला. ताप इथं."

आण्णाचं हे म्हणणं खोटं नव्हतं. अजूनही नाही.

काकूने मात्र डबा आणून माझ्यासमोर ठेवला. "कोणत्या न्यायच्या त्या ने. गुडघ्याच्या राहू दे," म्हणाली. तिच्या डब्यात माझी पाकिटं होती आणि मंगल, तू पाठवलेल्या बाटल्याही होत्या. वर इंग्रजी आणि फ्रेंच, खाली कोणीतरी बॉलपेनने "घसा" लिहिलेलं. तू ते मायेनंच पाठवलंस, हे मी सोडून दुसरं कोण सांगणार. सहा घरांनी डबे रिकामे केले. तीन घरांनी नाही. त्यात आण्णाचं एक. त्याने डबा माझ्यादेखत कपाटात ठेवला आणि किल्ली कनवटीला लावली.

आता त्या गोळ्यांचं काय करायचं. विहिरीत नको, ओढ्यात नको, उकिरड्यावर नको, चुलीत तर नकोच. हे सगळं कळणारा गावात मी एकटा, म्हणून पिशवी मीच उचलली. बैठकीत शिकलो होतो की एका देशातून दुसऱ्या देशात घातक कचरा न्यायचा तर घेणाऱ्या देशाची आधी लेखी संमती लागते. माझी पिशवी महाराष्ट्रातून तेलंगणात माझ्या मांडीवर बसून आली, कोणी काही विचारलं नाही. कारखान्याचा कचरा जिथे जाळायला जातो तिथे ती पाठवावी म्हटलं, तर फॉर्मात रकाना नाही. घरचा कचरा कारखान्याचा म्हणून लिहिणं गुन्हा, आणि खोटं लिहायची हौस आता फिटली होती. पिशवी सध्या आमच्या माळ्यावर आहे, सील करून. सुनंदा एकदा तिकडे बघत म्हणाली, "सासूबाईंचं एवढंच आणलंत होय गावाहून."

बैठकीतल्या बाईंचं कार्ड होतं. त्यांना मी लिहिलं की तुमच्या वहीतलं माझं उत्तर खोडा, आणि खरं उत्तर खाली दिलं, नऊ घरांसकट, मायसकट. चार ओळींचं उत्तर आलं. खोडलं आहे. पुढच्या मसुद्यात घरांबद्दल एक कलम घालायचा प्रयत्न करते. ते कंसात जाईल, पण असेल. पिशवीचं काय केलंत ते कळवा. ते मात्र मी अजून कळवलेलं नाही.

कारखान्यात आता पाण्यातलं औषध मोजायचं यंत्र आलंय, कारण परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली. पहिला आकडा मीच वाचला. आधीच्या तीस वर्षांचे आकडे कोणाकडेच नाहीत. आकड्याखाली सही केली आणि जेवायला गेलो.

तेरवीनंतर आण्णाचे फोन थांबले. आधी आठवड्याला एक तरी असायचा, कोणाचं पोट, कोणाचा कान. माझं फोनवरचं गाव एकदम गप्प झालं. मी डबे काढून घेतले, त्यासोबत तिथली माझी जागाही निघून गेली, असं धरून चाललो होतो. सुट्टीत गावी जायचं का, हा विषय सुनंदाने दोनदा काढला, मी दोनदा टाळला. रिकाम्या हाताने त्या दारात कसं उभं राहायचं, ते मला येत नव्हतं.

परवा सकाळी कारखान्यात वहिनीचा फोन आला. मागे जीपचा आवाज.

"भावजी, परीला ताप हाय. परवापासून." परी म्हणजे आण्णाची नात, चार वर्षांची.

"काय दिलंत?" मी विचारलं.

"काईच नाई. पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. डॉक्टरकडं निघालाव." मग आवाज खाली घेऊन, "तुमचे आण्णा चिडलेत. कपाटाची किल्ली म्या तवाच काढून घेतलेली. मागायले होते, दिली नाई. माझ्याकडंच हाय ती."

मागून आण्णाचा आवाज आला, "त्याला कशाला फोन केलीस? तो काय देणार हाय?"

"काई देऊ नका, भावजी," वहिनी म्हणाली. "नुसतं फोनवर राहा. देगलूर येईस्तोवर."

मी टाक्यांच्या कडेला सावलीत बसलो आणि फोन कानाशी धरला. ती मधूनमधून सांगत होती, पूल आला, पेट्रोलपंप आला, परी झोपली. मी हं म्हणत होतो. मुकादमाने लांबून हाताने विचारलं, काय झालं. मी त्याला हातानेच थांब म्हणालो. माझ्याकडे द्यायला एकही गोळी नव्हती, सांगायला एकही रंग नव्हता, आणि तिकडची माणसं मला सोबत घेऊन निघाली होती. माझ्यासाठी घर आता एवढंच उरलंय, आणि जितकं आहे तितकं मला पुरतंय. स्टँडजवळ गर्दीत आवाज तुटायला लागला, तेव्हा आण्णाने फोन स्वतःच्या हातात घेतला.

"हाईस का?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.